पात सुटायची नाही

गोलकीपरला सगळ्यांच्या पाठीच दिसतात. समोरून तोंडं दिसतात ती फक्त दुसऱ्या संघाची, आणि ती जवळून दिसायला लागली की समजावं, आता गोल होणार. मी भागी, हेदपाड्याच्या बायकांच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. संघात आम्ही सात जणी. बाकीच्या सहा जणींना मी पाठीवरून ओळखते. हिराबाईची पाठ रुंद, जराशी वाकलेली, गुडघ्यापर्यंत खोचलेल्या लुगड्यावर संघाचा पिवळा टी-शर्ट. तिच्या दोन बाजूंना माघी आणि पोशी या सख्ख्या बहिणी. या तिघी माझ्या पुढ्यात, म्हणजे बचावाला. त्यांच्यापुढे शेजारच्या कमूच्या दोन सुना, आणि सगळ्यांच्या पुढे, पार पलीकडच्या गोलपाशी, जयवंती. जयवंती माझी धाकटी जाऊ. तिची पाठ मला नीट कधी दिसलीच नाही, कारण ती मागे येतच नसे.

मला पळता येत नाही म्हणून मला गोलमध्ये उभं केलं, आणि ओरडता येतं म्हणून तिथेच ठेवलं. हे मी नाही, आमचा रूपेश सगळ्यांना सांगतो. रूपेश पाड्यातलाच. ठाण्याला कारखान्यात होता, कारखान्याच्या संघातून खेळायचा, गुडघा गेला आणि परत आला. पोरींना शिकवायचं म्हणून त्यानं बॉल आणला, पण पोरी शाळा सुरू झाली की वसतिगृहात जातात. बॉल उरला, रूपेश उरला आणि बघायला बसलेल्या आम्ही बाया उरलो. कमूची थोरली सून पहिल्यांदा उठली आणि तिनं बॉलला लाथ घातली. तिथून सुरू झालं.

आमचा पाडा खोडाळ्यापासून वर चढून आलं की लागतो. घरं उतारावर, नागलीची शेतं उतारावर. सपाट जागा म्हणाल तर घरांच्या वरचा एक माळ. तिथं पुरुषांचं क्रिकेट चालायचं. गुरं घरी आली की दिवस मावळेपर्यंतचा एक तास आम्ही मागून घेतला.

त्या एका तासाचं सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मी पाड्याची आशा सेविका. दिवस उजाडला की भागीताई, पोराला ताप आहे. भागीताई, गोळ्या संपल्या. भागीताई, सुनेला कळा येतायत. घरी गेलं की चहा, भाकर, माझा शर्ट कुठं, माझी चप्पल कुठं. दिवसभर मला लोक हाक मारतात आणि मी जाते. त्या एका तासात मी हाक मारते आणि सहा बाया पळतात. देवाशपथ सांगते, एवढं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

मागच्या वर्षी भात झोडून झाल्यावर मोखाड्याला बायकांची स्पर्धा लागली. आम्ही मोठ्या ऐटीत गेलो. पहिलाच सामना जव्हारच्या मुलींशी. कॉलेजातल्या पोरी, पायांत बूट, पिंडरीला पट्टे, केस घट्ट बांधलेले. आम्ही आठ गोल खाल्ले. आठ! भाकरीला कोरड्यास मिळावं तसे एकामागून एक वाढून घेतले.

त्यातले काही गोल त्यांच्या पायांचे होते, ते मी मान्य करते. पण बाकीचे आमच्या संस्काराचे. झालं काय, की पोशी पडली. आमच्याकडे डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन वाटेनं चाललेली बाई पडली, तर तिच्या पुढे पाऊल टाकून कोणी जात नाही. भारा एकटीला उचलता येत नाही, आणि आज तिला हात दिला नाही तर उद्या आपल्याला कोण देणार? हे आम्हाला आईच्या कडेवर असल्यापासून माहीत. मग पोशी पडली तशा सगळ्या तिच्याकडे धावल्या. एकीनं हात धरला, एकीनं पाठ झाडली, हिराबाईनं गुडघा चोळला. जव्हारच्या पोरी बिचाऱ्या क्षणभर थांबल्या, त्यांना वाटलं कोणी मेलं की काय. मग त्यांच्या लक्षात आलं की शिट्टी काही वाजलेली नाही. मी गोलमध्ये एकटी बोंब मारत होते. पोशी उठली, हसली, आणि बॉल माझ्या मागे जाळीत होता. पुढे माघी पडली तेव्हाही तेच. आणि मग त्यांची एक मुलगी पडली, तर आमच्या बाया तिलाही उचलायला गेल्या.

रूपेश बाहेर डोकं धरून बसला होता. "काकी," तो मला म्हणाला, "ही फुटबॉलची मॅच आहे का दवाखाना?"

पाड्यात आमच्या आधी आमचे गोल पोचले. माझा दीर लक्ष्या, म्हणजे जयवंतीचा नवरा, क्रिकेट संघाचा कप्तान. तो दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताची बोटं दाखवायचा. आठ बोटं. जयवंतीनं दोन दिवस त्याला मीठ न घालता कालवण वाढलं, पण त्यानं काही फरक पडला नाही. गावकी बसली. बुध्याबाबा आमच्यात मोठा, त्याचा शब्द चालतो. तो वाईट माणूस नाही, पण त्याला गावाच्या नाकाची फार काळजी.

"पुढले साली एकदा जावा," बुध्याबाबा म्हणाला. "हरून आलात तं मंग बास. माळावर बायांनी यायाचं नाय. बॉल रूपेशच्या घरी टांगून ठेवायचा."

 मी घरी आले, भांडी घासली, आणि घासता घासता एका पातेल्याला पोचा पाडला.

रूपेश त्यानंतर आमच्या मागे हात धुऊन लागला. त्याचं म्हणणं एकच. बॉल आपल्याकडून गेला की बॉलमागे धावायचं नाही, आपल्या गोलकडे धावायचं. पहिलं पाऊल मागे. तोंड बॉलकडे, पाय घराकडे. जी बॉलच्या सगळ्यात जवळ असेल तिनं एकटीनं पुढे जाऊन वाट अडवायची. बॉल हिसकायची घाई करायची नाही, फक्त वेळ खायचा. बाकीच्यांनी मधे गोळा होऊन रांग धरायची. त्यानं माळावर पाण्याच्या बाटल्या मांडल्या, दोरी ताणली, राखेनं रेघा मारल्या. आमच्या बाया मान डोलवायच्या, हो हो म्हणायच्या, आणि बॉल सुटला की दाणे टाकल्यावर कोंबड्या धावतात तशा सगळ्या त्याच्यामागे. बाटल्या लाथेनं उडायच्या. आणि कोणी पडली की पुन्हा दवाखाना.

"यांच्या डोक्यातच जात नाय," रूपेश वैतागून म्हणायचा. "आदमी लोक को सिखाया होता तो अब तक नॅशनल खेलते."

"मग जा आदमी लोकांना शिकव," मी म्हणायची. पण आतून मलाही भीती वाटायची. दिवस जात होते आणि तो एक तास माझ्या हातातून निसटत होता.

मग आषाढात आवणी लागली. आमच्याकडे भाताची रोपं राबाच्या वाफ्यातून उपटून चिखलात लावतात त्याला आवणी म्हणतात, आणि ती सावडीनं होते: आज माझ्या शेतात सगळ्या, उद्या तुझ्या शेतात. मला त्या दिवशी एका बाळंतिणीकडे जायचं होतं. पिशवी खांद्यावर, छत्री डोक्यावर, मी हिराबाईच्या भातखाचराच्या बांधावर आले आणि थांबले.

आवणी मागे सरकत करतात. रोप लावायचं, एक पाऊल मागे यायचं, पुन्हा लावायचं. मी होते बांधावर, त्यांच्या मागच्या अंगाला. त्यामुळे माझ्यासमोर वाकलेल्या पाठींची रांग होती आणि ती रांग हळूहळू माझ्याकडे येत होती. हिराबाई मधे, माघी एका बाजूला, पोशी दुसऱ्या बाजूला, कडेला जयवंती आणि कमूच्या सुना. गोलमधून मला दिसतात तशाच. फरक एवढाच, की इथे रांग सरळ होती. इतकी सरळ, की रूपेशच्या दोरीनं लाजावं. कोणी बोलत नव्हतं की सरक म्हणून. एकीचा पाय मागे आला की सगळ्यांचे येत होते.

तेवढ्यात पोशीचा पाय रुतला आणि ती फतकन चिखलात बसली. मला वाटलं, आता झाली जत्रा. पण एकही बाई जागची हलली नाही. हिराबाईनं आपल्या हाताची मजल थोडी डावीकडे वाढवली, पलीकडून कमूच्या सुनेनं उजवीकडे वाढवली, आणि दोघींनी मिळून पोशीच्या वाट्याची पट्टी, म्हणजे तिची पात, लावत लावत मागे आणली. पोशी हसत उठली, तोंड पुसलं, आणि रांग जिथे पोचली होती तिथे येऊन परत उभी राहिली. हिराबाईनं तिची पात तिच्या हवाली केली. सगळं न बोलता.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी बांधावरूनच ओरडले, "अगं ए भवान्यांनो! इथं कशा नाही धावलात तिला उचलायला?"

सगळ्या कंबर सरळ करून माझ्याकडे बघायला लागल्या. हिराबाईला माझा प्रश्नच कळेना.

"आवणीत कोन उचलाया जातो गे?" ती म्हणाली. "तिला उचलाया गेलू तं तिची पात कोन धरील? मधीच भोक पडंल. उठंल ती आपली आपन."

"आणि माळावर?"

हिराबाईनं हातातली रोपांची मूठ दुसऱ्या हातात घेतली. पाऊस तिच्या इरल्यावरून गळत होता. मग ती सावकाश म्हणाली, "माळ म्हंजे आमाला वाट वाटली. वाटंवर पडलेलीला सोडून जाववत नाय."

"माळ म्हणजे वाट नाही, बाई! माळ म्हणजे खाचर! मी बांधावर उभी आहे आणि माझ्यापर्यंत भोक पडता कामा नये!"

बाळंतिणीकडे मला जायला उशीर झाला, पण बाळ छान होतं. संध्याकाळी भर पावसात मी रूपेशला माळावर ओढत नेलं. बाटल्या ठेवू नको म्हटलं, दोरी ताणू नको म्हटलं. नुसतं बघ. बॉल कमूच्या सुनेकडून सुटला आणि मी बोंब ठोकली: "आवणी!"

तिघींची रांग झाली. तोंड बॉलकडे, पाय मागे. माघी पुढे झाली, वाट अडवली, तशी हिराबाई तिच्या जागेकडे सरकली आणि पोशी हिराबाईच्या. भोक नाही. रूपेशनं बॉल इकडून नेला, तिकडून नेला, शेवटी दुखऱ्या गुडघ्यानं धावत सुटला, पण ती रांग त्याच्यासमोर सरकत राहिली आणि त्याला कडेच्या दगडांपर्यंत घेऊन गेली. तो तिथेच चिखलात बसला आणि हसायला लागला.

"काकी, यही तो मैं बोल रहा था," तो म्हणाला.

"तू बरोबरच बोलत होतास रे," मी म्हटलं. "आम्ही भलत्याच जागी उभं राहून ऐकत होतो."

मग शिकवणं त्यानं पुढे नेलं. रांग कधी पुढे घ्यायची, कोण किती अंतरावर उभी राहायची, डोळे बॉलवर ठेवून अंग तिरकं कसं ठेवायचं. ते सगळं त्याचं. मी फक्त ओरडायचे. भात तयार झालं, कापलं, झोडलं, आणि मार्गशीर्षात मोखाड्याची तारीख आली.

आम्ही जीपमध्ये बसताना लक्ष्या मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, या वर्षी दहाच्या आत आणा." पण जीप सुटायच्या वेळी तो मागच्या दांडीला लटकलेला दिसला. क्रिकेटचा अख्खा संघ लटकलेला होता. "बाजार करायचा आहे," तो म्हणाला. मोखाड्याचा बाजार त्या दिवशी नव्हता, हे त्याला मी सांगितलं नाही.

पहिले दोन सामने आम्ही जिंकले. एक वावरच्या बायकांशी, त्या चिवट होत्या. एक मोखाड्याच्याच संघाशी. दोन्हीत आम्ही एकही गोल खाल्ला नाही. माझ्याकडे बॉल आला तो बहुतेक आपल्याच बायांनी मागे दिलेला. आणि शेवटच्या सामन्याला समोर कोण? तेच केस घट्ट बांधलेले. त्यांची कप्तान माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. चांगली मुलगी होती, पण मला तिचा राग आला तो आलाच.

शिट्टी वाजली आणि त्या आमच्यावर तुटून पडल्या. काय पळत होत्या! पण गंमत अशी, की त्यांना पळायला जागा कुठे होती? उजवीकडून आल्या तर माघी समोर, आणि तिच्या मागे हिराबाई. डावीकडून आल्या तर पोशी. एकदा पोशी पडली. मैदानाबाहेरून आमच्याच लोकांनी "अरे उचला तिला" म्हणून ओरडा केला. कोणी गेलं नाही. हिराबाई सरकली, पात भरली, पोशी उठून जागेवर आली. जव्हारच्या मुली थांबून बघत राहिल्या. त्यांना मागच्या वर्षीचा दवाखाना आठवत असावा. मला इतकं हसू आलं की गोलचा खांब धरावा लागला.

पण दमछाक होत होती. तिघी किती वेळ सहा जणींना पुरणार? बॉल पुढे गेला की जयवंतीच्या पायातून तो जायचा, आणि गेला की जयवंती कमरेवर हात ठेवून तिथेच उभी. जणू तिचं काम संपलं, आता बाकीच्यांनी बघावं. मध्यंतर झालं तेव्हा हिराबाईच्या तोंडाला फेस आला होता.

मी जयवंतीला धरलं. "मागे का येत नाहीस गं?"

"गोल मी करायचा आन मागंबी मीच यायाचं?" ती फणकारली. "मंग बाकीच्या काय करतात?"

मला तोंडात आलं ते सगळं बोलायचं होतं. पण ती माझी जाऊ आहे, आणि बोललेलं घरी घेऊन जावं लागतं. मी श्वास घेतला आणि विचारलं, "आवणीत तू सगळ्यांत जलद. तुझी पात आधी संपते. मग तू काय करतेस? बांधावर बसून पाय हलवतेस?"

"बांधावर का बशीन?" ती म्हणाली. "जी मागं राहिली तिच्या पातीत शिरते."

 हिराबाई मातीत पाय पसरून पाणी पीत होती. जयवंतीनं तिच्याकडे बघितलं, मग मैदानाकडे बघितलं, आणि केस सोडून पुन्हा घट्ट बांधले. रूपेश काहीतरी सांगायला आला होता, तो तसाच मागे फिरला.

दुसऱ्या भागात जयवंती मागे यायला लागली. गोलमधून पहिल्यांदा मला तिची पाठ जवळून दिसली. घामानं भिजलेली, बारीक, ताठ. तिच्यामुळे त्या लोकांचा बॉल मधेच अडकायला लागला, आणि अडकला तसा आमचा सुटायला लागला. एकदा त्यांची कप्तान कडेकडून घुसली. पोशी तिला हात न लावता नुसती समोर सरकत राहिली, सरकत राहिली, आणि त्या मुलीनं घाई करून बॉल जरा लांब ढकलला. बास. पोशीनं तो पायावर घेऊन सरळ पुढे मारला. जयवंती आमच्या अर्ध्यात होती, तिथून ती सुटली. जव्हारच्या सगळ्या पोरी आमच्या अंगणात आलेल्या, मागे एकटी त्यांची गोलकीपर. जयवंतीनं बॉल तिच्या डाव्या बाजूनं जाळीत घातला आणि धावत धावत मैदानाबाहेर आमच्या लोकांत जाऊन शिरली.

त्यानंतरचा वेळ सरेना. मी मैदानाबाहेरच्या घड्याळवाल्या माणसाकडे इतक्यांदा बघितलं की तो तोंड फिरवून बसला. जव्हारच्या मुलींनी सगळा संघ पुढे आणला. आमच्या बायांचे पाय जड झालेले. मी ओरडत होते, पण घशातून नुसता वारा यायला लागला होता.

आणि हिराबाई पडली. पाय मुरगळला, मधोमध, माझ्यापासून चार हातांवर. यंदा ती पन्नाशीला टेकली. मला धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. बॉल त्यांच्या कप्तानकडे होता. रांगेला मधोमध भोक.

माझ्या तोंडून आवाज निघालाच नाही. ओरडली हिराबाई. पडल्या पडल्या, मातीत गाल टेकून, ती ओरडली, "पात!"

माघी आणि पोशी दोन्हीकडून आत सरकल्या. भोक बुजलं. पण मग कड मोकळी पडली, आणि त्यांची कप्तान हुशार, तिनं बॉल कडेला टाकला. तिथे त्यांची एक उंच मुलगी एकटी. मी तिच्या अंगावर पुढे धावले, कारण दुसरं काही हातात नव्हतं. मला पळता येत नाही, हे सांगितलंच आहे. मी आडवी झाले. बॉल माझ्या बोटांना घासून मागे गेला. मी पडलेली, गोल उघडा, आणि मला वाटलं, संपलं. माझा तास गेला.

धप्प असा आवाज आला. जाळीचा नव्हे.

मान वळवून बघितलं तर गोलच्या रेघेवर जयवंती. ती कुठून आली मला माहीत नाही. लोक सांगतात, ती पलीकडच्या टोकाला होती, आणि बॉल कडेला गेला तेव्हा सगळं मैदान बॉलकडे बघत असताना ती एकटी बॉलकडे न जाता नाकासमोर आपल्या गोलकडे पळत सुटली. बाहेरून लक्ष्या घसा फाटेपर्यंत ओरडत होता, "मागं! मागं! घराकडं पळ!" आता तो म्हणतो की तिनं त्याचं ऐकलं. ती म्हणते, तिला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. बॉल तिच्या पोटावर आदळला होता. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून, पाय रोवून उभी होती. बॉल तिच्या पुढ्यात पडला. तिनं डोळे उघडले, तो बघितला आणि अशी काही लाथ मारली की तो कुंपणापलीकडे रस्त्यावर गेला, एसटीच्या टपावर आपटला आणि खाली घरंगळला.

शिट्टी वाजली ती शेवटचीच.

मग मात्र आम्ही सगळ्या हिराबाईकडे धावलो. एकीनं हात धरला, एकीनं पाठ झाडली, मी पाय मांडीवर घेऊन चोळला. ती रडत होती आणि शिव्या देत होती. जव्हारची कप्तान आली आणि तिनंही हिराबाईचा एक हात धरून तिला उभं केलं. माझा तिच्यावरचा राग तिथल्या तिथे गेला.

पाड्यात आम्ही दिवेलागणीला पोचलो. जीप पुढे आणि ढोल मागे; ढोल कुठून आला विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. बुध्याबाबानं चषक मांडीवर घेतला होता, उलटा-सुलटा करून बघत होता. गावाचं नाक आता चांगलंच वर होतं.

"बायांनी नाव काढलं," तो म्हणाला. "आता खेळा बापडे."

लक्ष्या कप्तान ना, तो लगेच व्यवहारावर आला. त्याचा घसा बसला होता, कुजबुजल्यासारखा बोलत होता. "रविवार सोडून तुमी आठवड्याला दोन दिस घ्या. बाकीचे दिस आमचं क्रिकेट हाय. पोरांना सरावाला माळ लागतो."

दोन-चार पुरुषांनी माना हलवल्या. चांगला तोडगा निघाला, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आमच्या गावकीत बायका मागे, भिंतीला टेकून बसतात.  मग हिराबाई भिंत धरून उभी राहिली. पाय सुजलेला, पट्टी मी बांधलेली. गावकीत बाईनं उभं राहून बोललेलं मी तरी कधी बघितलं नव्हतं.

"रोज," हिराबाई म्हणाली.

लक्ष्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात माघी उठून हिराबाईच्या एका बाजूला उभी राहिली आणि पोशी दुसऱ्या बाजूला. कमूच्या सुना उठल्या. मी उठले. जयवंती आपल्या नवऱ्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"रोज," हिराबाईनं परत सांगितलं. "गुरं आली का दिस बुडंपावतर. आमी विचाराया नाय आलू, सांगाया आलू."

बुध्याबाबानं चषक खाली ठेवला. त्यानं आमच्याकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. कुठे शिरायला फट आहे का, हे तो शोधत होता असं मला वाटलं. मग त्यानं डोकं खाजवलं.

"आन मंग त्या वक्ताला आमी मानसांनी काय करायाचं?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेनं नव्हे.

"भाकरी टाका," हिराबाई म्हणाली. "टाकून झाल्या का बघाया या."

त्या संध्याकाळी माळाच्या कडेला सगळा पाडा बसला होता. लक्ष्या सगळ्यांत पुढे, दोन्ही हातांना कोपरापर्यंत पीठ. मला इतका आनंद झाला की मी त्याला उगाचच एक सणसणीत शिवी हासडली, आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिले.